ढेकणाचा माग

मराठी कवितेत क्षुद्र जीवांना स्थान मिळाले नाही, असे म्हणता येणार नाही. मुक्ताबाईंच्या अभंगात मुंगी आहे, नाथांच्या भारुडात विंचू आहे, मर्ढेकरांच्या कवितेत पिपातले उंदीर आहेत. आणि या प्रत्येकाचा अर्थ लावण्यात समीक्षकांनी बरीच शाई खर्च केली आहे. ढेकणाच्या वाट्याला मात्र, माझ्या वाचनापुरते बोलायचे तर, विनोदी प्रसंगातली एखादी ओळ यापलीकडे फारसे काही आलेले दिसत नाही. याचे कारण उघड आहे. विंचू चावला हे चारचौघांत सांगता येते. घरात ढेकूण झाले हे सांगता येत नाही. मुंगीला कष्टाळूपणाची प्रतिष्ठा आहे, डासाला सार्वजनिक आरोग्याची आहे. ढेकणाला आहे ती केवळ लाज. आणि ज्या गोष्टीची लाज वाटते तिच्याविषयी माणसे अचूक बोलत नाहीत. प्रस्तुत लेखाचा विषय हा अचूक न बोलण्याचा प्रकार आहे.

संस्कृताला ही लाज नव्हती. 'मत्कुण' हा शब्द तिथे मोकळेपणाने वावरतो. लक्ष्मी कमळावर निजते, महादेव हिमालयात आणि विष्णू क्षीरसागरात, ते का, तर बहुधा ढेकणांच्या धास्तीने, अशा आशयाचा एक सुभाषितकार प्रसिद्धच आहे. गुजरातीतला 'मांकड' याच मत्कुणाचा वंशज. मराठी माणूस तो शब्द प्रथम ऐकतो तेव्हा त्याला घरात माकडे शिरल्याचा भास होतो. आपला 'ढेकूण' मात्र प्राकृतातल्या 'ढंकुण', 'ढेंकुण' या देशी रूपांशी नाते सांगतो. म्हणजे हा जीव आपल्या अंथरुणात जितका जुना आहे, जवळजवळ तितकाच आपल्या बोलीतही जुना आहे.

परंतु ढेकणाची सर्वांत महत्त्वाची भूमिका आहे ती 'पंचतंत्रा'त, आणि तीही पहिल्याच तंत्रात, 'मित्रभेदा'त. गोष्ट बहुतेकांनी शाळेत वाचलेली असते. राजाच्या शय्येवरच्या वस्त्रात मंदविसर्पिणी नावाची ऊ सुखाने राहत असते. तिथे अग्निमुख नावाचा ढेकूण येतो आणि आश्रय मागतो. ती नको नको म्हणत असताही अखेर त्याला राहू देते. राजा गाढ झोपेपर्यंत दम धर, एवढी अट घालते. त्याला दम धरवत नाही. राजा ताडकन उठतो, सेवक दिवा घेऊन शय्या धुंडाळतात. ढेकूण मंचकाच्या फटीत शिरून निसटतो आणि वस्त्राच्या घडीत सापडलेली ऊ मारली जाते. तात्पर्य : ज्याचे शील ठाऊक नाही त्याला आश्रय देऊ नये.

या कथेतले कीटकविज्ञान बिनचूक आहे, ही गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. ऊ वस्त्रात राहते, ढेकूण लाकडाच्या सांध्यात राहतो. उवेला पळता येत नाही, तिचे नावच 'हळू सरपटणारी' असे आहे. ढेकूण चपळ असतो. आणि रात्री दिवा लावून अंथरूण झटकणाऱ्याच्या हाती खरा अपराधी क्वचितच लागतो, हेही तितकेच खरे. ज्याने ही कथा प्रथम रचली त्याने मंचक उलटा करून पाहिलेला असावा. आपण मात्र बहुधा तात्पर्य तेवढे घेतो आणि मंचक उलटा करण्याचे विसरतो.

हे सारे एरवी वर्गात बोलून सोडून देण्याजोगे होते. दोन वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यात मात्र त्याला वेगळेच वजन आले. आमच्या महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून मी तेव्हा काम पाहत होते, आजही पाहते. चोवीस खोल्या, प्रत्येक खोलीत तीन मुली. सत्र सुरू होऊन तीन आठवडे झाले असतील. एका खोलीतल्या दोघी मुली संध्याकाळी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, आमच्या खोलीत ढेकूण झालेत. तिच्या बोचक्यातून आलेत. तिला दुसरीकडे हलवा." 'ती' म्हणजे त्यांची तिसरी सोबतीण : बीड जिल्ह्यातून आलेली, ऊसतोड कामगारांच्या घरातली, मराठी घेऊन बी. ए.च्या पहिल्या वर्षाला बसलेली मुलगी. बोचके म्हणजे तिच्या आजीने शिवलेली गोधडी. पुरावा काय, तर तिच्या दोन्ही हातांवर आणि मानेवर उठलेल्या गांधी. या दोघींच्या अंगावर एकही गांध नव्हती. म्हणून ढेकूण तिचे.

दुसऱ्या दिवशी ही बातमी चोवीस खोल्यांत पसरली. भोजनगृहात तिच्या बाजूची जागा रिकामी राहू लागली. तिसऱ्या दिवशी ती गोधडी दोरीने बांधून माझ्या दारात उभी राहिली. "मॅडम, मी घरी जाते. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी बघू, या तीन शब्दांचा अर्थ तालुक्याच्या ठिकाणी शिकवणाऱ्या कोणालाही सांगावा लागत नाही. अशी गेलेली मुलगी परत येत नाही. लग्नाची पत्रिका येते. मी तिला म्हटले, "अगं, आधी बस. गोधडी इथेच ठेव. दोन दिवस कुठेही जायचं नाही, आणि खोलीही बदलायची नाही."

खोली बदलायची नाही, हे मी केवळ तिच्या मनासाठी म्हटले नव्हते. ढेकणांच्या बाबतीतला तो पहिला नियमच आहे. माणूस दुसऱ्या खोलीत निजायला गेला की ढेकूण त्याच्या कपड्यांतून, पिशवीतून त्याच्यामागे जातात. मागे राहिलेले भुकेपोटी भिंतीतल्या फटी, तारांच्या नळ्या यांतून शेजारी सरकतात. एका खोलीचा प्रश्न असा चार खोल्यांचा होतो.

येथे या प्राण्याची थोडी माहिती द्यायला हवी. आपल्याकडच्या उष्ण हवेत मुख्यतः आढळतो तो 'सायमेक्स हेमिप्टेरस'. थंड देशांत त्याचा भाऊ 'सायमेक्स लेक्टुलेरियस', ज्याचे नामकरण लिनियसने १७५८ मध्ये केले. पूर्ण वाढलेला ढेकूण साधारण पाच मिलिमीटरचा, तांबूस तपकिरी, सफरचंदाच्या बीएवढा आणि उपाशी असताना कागदासारखा चपटा असतो. त्याला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. अंडी पांढरट, मिलिमीटरभर लांबीची, फटीत घट्ट चिकटवलेली असतात. ती सहा ते दहा दिवसांत फुटतात. बाहेर आलेले पिल्लू पाच वेळा कात टाकते आणि प्रत्येक वेळी त्याला एकदा तरी रक्त प्यावे लागते. हवा उबदार असेल आणि माणूस रोज त्याच जागी निजत असेल, तर अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास पाच-सहा आठवड्यांत संपतो. मादी आयुष्यभरात दोनशेच्या वर अंडी घालू शकते. आणि यातली सर्वांत चिवट गोष्ट अशी की, अन्नावाचून ढेकूण कित्येक महिने तग धरतो. थंड हवेत तर वर्षभरही. तेव्हा खोली महिनाभर बंद ठेवली की ढेकूण मरतील, ही समजूत निराधार आहे.

वसतिगृहातल्या मुलींच्या तर्कात नेमकी चूक कुठे होती, हेही इथेच पाहता येईल. ढेकूण पाच-दहा मिनिटे रक्त पितो आणि त्या वेळी दंश जाणवत नाही. नंतर उठते ती गांध ही ढेकणाची खूण नसून आपल्या शरीराने त्याच्या लाळेला दिलेले उत्तर असते, आणि हे उत्तर प्रत्येकाचे वेगळे. कोणाला काही तासांत गांधी उठतात, कोणाला काही दिवसांनी, आणि बऱ्याच जणांना मुळीच उठत नाहीत. एकाच पलंगावर निजणाऱ्या नवरा-बायकोपैकी एकाच्याच अंगावर गांधी दिसणे हा नित्याचा अनुभव आहे. गांधी ओळीने असल्या की ढेकूण समजावे, असेही सांगतात. पण डास, पिसवा, खरूज, साधी ॲलर्जी, कशानेही तसे दिसू शकते. त्वचेवरून निदान होत नाही. निदान होते ते ढेकूण किंवा त्याच्या खुणा प्रत्यक्ष सापडल्यावर. आपण विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत असतो की, आधी संहिता पाहा, मग अर्थ सांगा. तोच नियम गादीलाही लागू पडतो.

म्हणून आम्ही चोवीसच्या चोवीस खोल्या पाहायचे ठरवले. दोन दिवस, दोन विजेऱ्या, दोन जुनी एटीएम कार्डे, ओला कापूस आणि आमच्या मावशी. मावशींचे बालपण मुंबईच्या चाळीत गेलेले. या कामात त्यांचा अधिकार माझ्यापेक्षा कितीतरी मोठा होता. गादीची शिवण बोटांनी उलगडून पाहायची. टोकाच्या गुंड्या, झालर, नाव शिवलेली पट्टी पाहायची. शाईच्या टाकाने ठिपके दिल्यासारखे काळे ठिपके दिसले तर त्यावर ओला कापूस फिरवायचा. गंजासारखा तपकिरी डाग पसरला, तर ती ढेकणाची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. कात टाकलेली फिकट पिवळी टरफले, चादरीवर रक्ताचे बारीक डाग, आणि प्रादुर्भाव जुना असेल तर एक गोडसर, कुबट वास. मग कॉट उलटी करायची आणि सांध्यांच्या फटीतून कार्ड फिरवायचे. त्यानंतर भिंतीवरची दिनदर्शिका, ट्यूबलाइटची पट्टी, स्विचबोर्डची कड, ट्रंकेचा तळ. शोध पलंगापासून बाहेरच्या दिशेने घ्यायचा, कारण ढेकणाला आपल्या भक्ष्यापासून फार लांब राहणे आवडत नाही.

नऊ खोल्यांत ढेकूण सापडले. त्यांपैकी सहा खोल्यांतल्या एकाही मुलीने अंगावर गांध उठल्याची तक्रार केलेली नव्हती. नऊही खोल्यांत एक गोष्ट समान निघाली : मे महिन्यात एका बंद पडलेल्या वसतिगृहाकडून स्वस्तात घेतलेल्या लोखंडी कॉट. त्यांचे पाय पोकळ नळ्यांचे, खालची प्लास्टिकची टोपणे गळून गेलेली. मावशींनी एक कॉट आडवी करून पाय जमिनीवर आपटला, तसा नळीतून भुशासारखा ढीग पडला. त्यातले काही हलत होते. दोन महिने त्या कॉट कोणी न निजता एका गोदामात पडून होत्या. ढेकूण उपाशी राहिले, मेले नाहीत. आजीची गोधडी आम्ही पांढऱ्या चादरीवर पसरून टाका न् टाका पाहिली. तिच्यात काहीही नव्हते. आणि ज्या कॉटमुळे त्या खोलीत ढेकूण आले होते, ती कॉट तक्रार घेऊन आलेल्या दोघींपैकी एकीची होती.

निरपराध व्यक्ती निर्दोष सुटली की आपल्याला बरे वाटते. परंतु मला त्या दिवशीही वाटले आणि आजही वाटते की, प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. समजा, गोधडीत ढेकूण सापडले असते तर? तर तिला भोजनगृहात एकटे बसवणे योग्य ठरले असते का? ढेकणाला माणसाच्या श्वासातला कर्बवायू कळतो, अंगाची ऊब कळते. त्याला जात, उत्पन्न आणि घरातली स्वच्छता कळत नाही. अस्वच्छतेमुळे ढेकूण होतात ही समजूतच खोटी आहे. पसारा असेल तर त्याला लपायला जागा अधिक मिळते आणि शोधणे अवघड होते, एवढेच. २०२३ च्या शरद ऋतूत पॅरिससारख्या शहरात चित्रपटगृहे, रेल्वेगाड्या आणि घरे यांतील ढेकणांवरून गदारोळ उठला. तिथेही एका दूरचित्रवाणी वाहिनीवर या उपद्रवाचा संबंध स्थलांतरितांशी जोडणारा प्रश्न विचारला गेला आणि त्यावर टीका झाली. म्हणजे बोचके घेऊन आलेल्याकडे बोट दाखवण्याची खोड काही आपल्या तालुक्यापुरती नाही. गरिबाच्या घरात ढेकूण अधिक काळ टिकतात हे खरे. पण ते वारंवार औषध फवारून घेण्याची ऐपत नसल्यामुळे, सवयींमुळे नव्हे.

गंमत अशी की, खोट्या आरोपातून खुद्द ढेकूणही सुटलेला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासमध्ये डब्ल्यू. एस. पॅटन या लष्करी डॉक्टराने काळा आजाराचे परजीवी ढेकणाच्या शरीरात वाढताना पाहिले, आणि हा रोग ढेकूणच पसरवतो असा संशय बळावला. खरा वाहक सँडफ्लाय ही बारीक माशी आहे, हे निःसंशय सिद्ध व्हायला १९४२ साल उजाडावे लागले. स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांच्या प्रयोगांनी ते झाले. आजच्या माहितीनुसार, नित्याच्या जीवनात ढेकूण माणसाला कोणताही रोग देतो असे दिसून आलेले नाही. याचा अर्थ तो निरुपद्रवी आहे असा नव्हे. खाज, खाजवून झालेल्या जखमा, झोपेचा नाश आणि मनावरचा ताण ही लहान दुखणी नव्हेत. उपद्रव फार मोठा झाला तर अशक्त माणसाचे रक्तही कमी होऊ शकते. पण तो दंडनीय आहे तो त्याने जे केले त्यासाठी, जे केले नाही त्यासाठी नव्हे.

आता उपचारांविषयी. याबाबत आपल्याकडे दोन टोकाच्या परंपरा आहेत : उकळते पाणी आणि जहाल विष. पहिली परंपरा आपण समजतो त्याहून शहाणी आहे. ढेकणाचा खरा शत्रू उष्णता. साधारण ४८ ते ५० अंश सेल्सिअस तापमान त्याच्या शरीरापर्यंत पोहोचले आणि पुरेसा वेळ टिकले, तर ढेकूणही मरतो आणि अंडेही. आणि उष्णतेची सवय त्याला औषधासारखी होत नाही. आम्ही सर्व चादरी, अभ्रे आणि कपडे खोलीतच प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधले, कारण उघडे कपडे जिन्यावरून नेले की ढेकूण वाटेत सांडतात. मोठ्या हंड्यांतल्या कढत पाण्यात ते भिजवले, मग वाळवून नव्या पिशव्यांत बंद केले. कॉट अंगणात नेऊन सांधे आणि नळ्या यांत उकळते पाणी ओतले, त्या कोरड्या झाल्यावर नळ्यांची तोंडे एम-सीलने बुजवली. गाद्यांच्या शिवणींवरून व्हॅक्यूम क्लीनर फिरवला आणि त्याची पिशवी लगेच बांधून बाहेर टाकली. उन्हाचा उपयोग होतो, परंतु त्यावर एकट्यावर विसंबता येत नाही : कापसाच्या गादीचा गाभा तापत नाही आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतो. ज्या गाद्या वाचवण्याजोग्या होत्या त्यांना चहूबाजूंनी चेन असलेली खोळ घातली. अशी खोळ वर्षभर काढायची नसते. आत अडकलेले ढेकूण तिथेच उपाशी मरतात. उरलेल्या गाद्या फाडून, नष्ट करून टाकल्या. चांगल्या दिसणाऱ्या गाद्या रस्त्यावर ठेवून दिल्या असत्या, तर त्या उचलणाऱ्या गरिबाच्या घरी आपण ढेकूण पाठवले असते.

यानंतर परवानाधारक फवारणीवाल्यांना बोलावले, आणि एकदा नव्हे, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीनदा. एकाच फवारणीत काम होईल असे जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. बरीचशी औषधे अंड्यांवर चालत नाहीत, त्यामुळे अंड्यातून नव्याने बाहेर पडलेल्यांसाठी पुन्हा यावेच लागते. शिवाय, पायरेथ्रॉइड गटातल्या प्रचलित औषधांना ढेकूण आता जगभर दाद देईनासे झाले आहेत.

हा इतिहास नवा नाही. १९४६ च्या सुमारास मुंबई प्रांतातल्या धारवाड आणि कारवार भागांत हिवतापासाठी घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारले जाऊ लागले, आणि १९५३ मध्ये हिवताप नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. अशा फवाऱ्याने डासांबरोबर ढेकूणही मरत, आणि सामान्य माणसाला औषधाचा गुण दिसे तो ढेकणांवरूनच. पण १९४७ मध्येच, हवाई बेटांतल्या पर्ल हार्बर येथील नौदलाच्या बराकींत, डीडीटीला न जुमानणारे ढेकूण आढळले होते. पुढे अनेक ठिकाणी हेच घडले, आणि ढेकूण मरत नाहीत म्हणून लोक घरात फवारणारांना येऊ देईनात. डास मेले की नाही हे कोण मोजतो?

दुसरी परंपरा, जहाल विषाची. तिच्याविषयी स्पष्ट शब्दांत लिहिणे भाग आहे, कारण तिने माणसे मेली आहेत. 'टिक ट्वेंटी' हे नाव मराठी घरात ढेकणांपेक्षा दुःखद बातम्यांमुळेच अधिक लक्षात राहिले आहे. पिकांवर मारायची औषधे घरात, अंथरुणावर मारणे म्हणजे ढेकणाऐवजी स्वतःला विष घालणे होय. डायक्लोरव्हॉस हे असेच घरोघरी वापरले गेलेले औषध. त्यावर २०२० च्या अखेरीपासून भारतात बंदी आहे. सर्वांत भयंकर म्हणजे धान्याच्या कोठारांत वापरायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो, शेजारच्या बंद खोलीत झोपलेल्या मुलांपर्यंत पोहोचतो, आणि त्यावर उतारा नाही. वसतिगृहात, इमारतीत, भाड्याच्या खोलीत या गोळ्या कोणीही, कोणाच्याही सांगण्यावरून ठेवू नयेत. रॉकेल ओतल्याने आग लागते. धुराच्या डब्यांनी ढेकूण फक्त विखुरतात.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत, पण ते सातत्याने करावे लागतात. कॉट भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी, चादर जमिनीला लोंबू देऊ नये आणि चारही पायांखाली साबणाचे पाणी घातलेल्या वाट्या ठेवाव्यात. मुंग्यांसाठी दुधाच्या कपाटाखाली आपल्या आज्या ठेवत, त्याच या वाट्या. नुसत्या गुळगुळीत कडांवर भिस्त ठेवू नये, कारण आपल्याकडचा ढेकूण थंड देशांतल्या भावापेक्षा गुळगुळीत पृष्ठभागावर अधिक सहज चढतो, असे मलेशियात २०१७ च्या सुमारास झालेल्या संशोधनात दिसून आले. वाटीत रोज पाहावे : सापळाही तोच आणि साक्षीदारही तोच. भिंतीच्या फटी, चौकटीच्या भेगा पुट्टीने बुजवाव्यात. जुने लाकडी किंवा लोखंडी सामान घेताना ते घराबाहेर उलटे करून पाहावे. प्रवासात उतरल्यावर आधी गादीची शिवण आणि पलंगाची डोक्याकडची फळी पाहावी, बॅग अंथरुणावर ठेवू नये, आणि परत आल्यावर कपडे थेट कढत पाण्यात घालावेत. शेवटचा ढेकूण दिसल्यानंतर निदान दोन महिने लक्ष ठेवल्याशिवाय 'गेले' असे म्हणू नये.

आपल्यासारख्यांसाठी एक विशेष सूचना. उशाशी पुस्तके ठेवून निजणाऱ्यांच्या पुस्तकांच्या कण्यातही ढेकूण राहतात, आणि ग्रंथालयाच्या पुस्तकातून ते एका घरातून दुसऱ्या घरी जाऊ शकतात. पुस्तकावर उकळते पाणी ओतता येत नाही, औषधही मारू नये. संशयित पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये निदान चार दिवस ठेवावे. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, म्हणजे पानांना ओल लागत नाही. माझ्या घरी त्या महिन्यात आइस्क्रीमच्या जागी वसतिगृहाच्या वाचनालयातली सव्वीस पुस्तके होती.

आता पुन्हा 'पंचतंत्रा'कडे. ज्याचे शील ठाऊक नाही त्याला आश्रय देऊ नये, हे तात्पर्य आपण शाळेपासून पाठ करतो. पण ते सांगतो कोण, हे विसरतो. ही कथा विष्णुशर्मा थेट आपल्याला सांगत नाही. ती सांगतो दमनक नावाचा कोल्हा, पिंगलक सिंहाला. आणि सांगतो ती संजीवक नावाच्या बैलाविरुद्ध त्याचे कान भरण्यासाठी. संजीवक परका आहे, बाहेरून आलेला आहे, सिंहाने त्याला अभय देऊन ठेवून घेतले आहे. त्याने कोणताही अपराध केलेला नाही, आणि तरी शेवटी तो सिंहाकडून मारला जातो. म्हणजे हे तात्पर्य ग्रंथातच एका चहाडखोराच्या तोंडी आहे आणि ते एका निरपराध्याच्या जिवावर उठले आहे. कथेतल्या कथेत जे उवेचे झाले, तेच बाहेरच्या कथेत बैलाचे होते. ग्रंथकर्त्याने ही चौकट मुद्दाम घातली, की ती कथेच्या ओघात आपोआप आली, यावर वाद घालता येईल. पण चौकट वगळून तात्पर्य तेवढे शिकवणे हे वाचन अपुरे आहे, याविषयी मला शंका नाही. त्या वर्षी द्वितीय वर्षाच्या वर्गात मी ही कथा याच अंगाने शिकवली. वसतिगृहाचा उल्लेख केला नाही. तक्रार घेऊन आलेल्या दोघी त्याच वर्गात होत्या. त्यांनी टिपणे घेतली, याहून अधिक मला सांगता येणार नाही.

वसतिगृह ही संस्थाच मुळी ज्यांचे शील, गाव, घर ठाऊक नाही अशांना आश्रय देण्यासाठी असते. दमनकाचा सल्ला ऐकायचा तर तिला कुलूप लावावे लागेल. म्हणून आम्ही दुसरा नियम केला. जूनमध्ये प्रवेश झाले की व्हरांड्यात पांढरी चादर अंथरली जाते आणि येणाऱ्या प्रत्येकीचे सामान तिच्यावर उघडले जाते : डॉक्टरच्या मुलीची चाकांची बॅग, बोचके, गोधडी आणि सुट्टीवरून परतलेल्या रेक्टरची सुटकेसही. काही सापडले तर सामान बाजूला घेऊन उपचार होतात. वहीत खोलीचा क्रमांक लिहिला जातो, मुलीचे नाव लिहिले जात नाही. अंगाला खाज सुटली तर त्याच दिवशी सांगायचे, आणि सांगणारीला कोणी काही विचारणार नाही, हे सर्वांसमोर सांगितले जाते. लाजेने लपवलेले तीन आठवडे ढेकणांच्या दोनशे अंड्यांना पुरेसे असतात, हे मुलींना लगेच पटते.

ती मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. यंदाच्या जूनमध्ये विजेरी तिच्या हाती होती, आणि नव्याने आलेल्या मुलींना गादीची शिवण कशी उलगडायची, ठिपक्यावर ओला कापूस कसा फिरवायचा, हे ती दाखवत होती.